ज्येष्ठांचे तास आणि तरुणांच्या जागा

गेल्या महिन्यांत आम्हांस एका वाचकभगिनींचें पत्र आलें. पत्र चांगलें चार पानी आहे, आणि त्यांतील घरगुती भाग सबंध येथें देण्याचें कारण नाहीं. तथापि प्रश्न पुष्कळांच्या घरचा असल्यामुळें त्याचा विचार या सदरांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. भगिनींचे यजमान एका अनुदानित माध्यमिक शाळेंत शास्त्र विषयाचे शिक्षक आहेत, वय ५६. चिरंजीव एम्. एस्‌सी., बी. एड्. होऊन तीन वर्षें झालीं. शिकवण्या करतात, परीक्षा देतात आणि वाट पाहतात. एके रात्रीं पानावर बसले असतां त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले, कीं तुमच्या पिढीनें खुर्च्या सोडल्याशिवाय आमच्या पिढीला उभें राहण्यासहि जागा मिळावयाची नाहीं. मुलगा मुळींच उर्मट नाहीं, असें आई लिहिते. परंतु त्या रात्रीपासून यजमान अबोल झाले असून त्यांनीं स्वेच्छानिवृत्तीच्या अर्जाचा मसुदा तयार करून ठेविला आहे. जर्मनींत असलेल्या जांवयांनीं फोनवर सांगितलें, कीं उतारवयाच्या कामगारानें अर्धा वेळ काम करावें व उरलेल्या अर्ध्या वेळेवर तरुणाला घ्यावें असा तिकडे कायदाच आहे. तेव्हां अर्ज द्यावा, कीं अर्ध्या वेळेची मागणी करावी, कीं दोन्ही करूं नये, असें भगिनी विचारतात.

प्रथम जांवयांचें म्हणणें पाहूं. तें खोटें नाहीं, पण त्याचा महत्त्वाचा भाग जुना झाला आहे. जर्मनींत १९८४ सालीं ५८ वर्षांच्या कामगाराला आधींच घरीं जातां यावें म्हणून एक कायदा झाला होता. त्याची मुदत १९८८ अखेर संपली. पुढें पूर्ण मोकळें करण्याऐवजीं अर्धें मोकळें करावें या विचारानें जोर धरला, आणि १ ऑगस्ट १९९६ पासून ‘आल्टर्सटाइलत्साइट’, म्हणजे उतारवयांतील अर्धवेळ, या नांवाचा नवा कायदा अमलांत आला. त्याची घडण मोठी विचारपूर्वक केलेली होती. ५५ वर्षें पूर्ण झालेल्या कामगारानें आपले तास निम्मे करावे. तास निम्मे म्हणजे वेतनहि निम्में. परंतु त्यांत कारखानदारानें भर घालून पूर्वींच्या निव्वळ वेतनाच्या निदान ७० टक्के रक्कम कामगाराच्या हातीं पडेल असें करावें, आणि त्याच्या निवृत्तिवेतनाचा हप्ता तर त्याला जणूं ९० टक्के वेतन मिळत आहे अशा हिशेबानें भरावा. ही भर सरकारी श्रमखातें कारखानदाराला परत देत असे, पण केव्हां? तर मोकळ्या झालेल्या जागेवर नोंदलेला बेकार किंवा नुकतीच उमेदवारी संपविलेला तरुण घेतला असेल तेव्हांच. लहान कारखान्यांनीं एक नवा उमेदवार शिकण्यास घेतला तरी भागत असे.

हें वाचलें म्हणजे डोळ्यांपुढें एक चित्र उभें राहतें. सकाळीं लेथपाशीं साठीकडे झुकलेला कारागीर, दुपारीं त्याच लेथपाशीं बावीस वर्षांचा तरुण, आणि मधल्या तासाला दोघे एकत्र. थोरला सांगतो आहे, धाकटा हात फिरवितो आहे. आम्हांसारख्या जन्मभर शाळेंत घालविलेल्या माणसाला हें चित्र मोहक न वाटेल तरच नवल.

प्रत्यक्षांत तसें झालें नाहीं. कायद्यानें तास निम्मे करण्यास सांगितलें होतें. पण ते रोजच्या रोज निम्मे केले पाहिजेत असें सांगितलें नव्हतें. सबंध मुदतीची सरासरी निम्मी आली म्हणजे झालें. तेव्हां पांच वर्षांचा करार असेल तर पहिलीं अडीच वर्षें पूर्ण वेळ काम करावें आणि पुढचीं अडीच वर्षें घरीं बसावें, अशी वाट लोकांनीं काढली. दहांतील सुमारें नऊ जण याच वाटेनें गेले. कामगाराला ती सोयीची होती, कारण उद्यानांत बसण्याचे दिवस लवकर येत. कारखानदारालाहि ती सोयीची होती, कारण एका यंत्रावर दोन अर्धीं माणसें सांभाळण्याचा त्रास वांचे. मात्र तो मधला तास, ज्यासाठीं हा सर्व खटाटोप शोभला असता, तो नाहींसा झाला. म्हातारा उठून गेल्यावर तरुण यावयाचा. दोघांची गांठ पडावयाची नाहीं.

दुसरी गोष्ट याहूनहि महत्त्वाची. तरुणाला घेण्याची अट होती ती सरकारी पैसा परत मागणाऱ्या कारखानदारापुरती. ज्याला माणसें कमीच करावयाचीं होतीं त्यानें पैसा मागितला नाहीं. पदरची भर घालून म्हाताऱ्यांना गोडीगुलाबीनें वाटेला लाविलें आणि जागा मोडून टाकिली. जुन्या कामगाराला काढून टाकणें त्या देशांत सोपें नाहीं. त्या मानानें हा मार्ग बिनतंट्याचा. योजनेच्या अखेरच्या वर्षांत तिच्या खालीं असलेल्या कामगारांपैकीं ज्यांच्यासाठीं सरकारी भर परत मिळत होती असे थोडेच होते. बाकीच्यांच्या जागीं तरुण आलाच पाहिजे असें कोणतेंहि बंधन नव्हतें. ३१ डिसेंबर २००९ नंतर सुरू होणाऱ्या करारांना ही परतफेड बंद करण्यांत आली. कायदा अद्याप पुस्तकांत आहे, मालक व कामगार आपसांत तसा करार करूं शकतात. परंतु तरुणाला घेतल्याबद्दल सरकारनें द्यावयाचा पैसा, जो या योजनेचा प्राण होता, तो गेला. एवढेंच नव्हे, तर त्या देशानें २००७ सालीं उलट दिशेचा कायदा करून निवृत्तीचें वय टप्प्याटप्प्यानें ६७ वर नेण्याचें ठरविलें.

मग तरुणांचें काय झालें? शंका अशी कीं म्हातारे अधिक काळ कामावर राहूं लागले म्हणजे पोरें रस्त्यावर येतील. पण तसें घडलें नाहीं. ५५ ते ६४ वयाच्या जर्मन लोकांपैकीं २००० सालीं शंभरांत सुमारें ३८ जण कामावर होते; २०१९ सालीं ७० हून अधिक होते. आणि त्याच देशांत तरुणांतील बेकारी २००५ च्या सुमारास शंभरांत पंधरा होती, ती २०१९ मध्यें सहाच्या आसपास उतरली. म्हातारे राहिले म्हणून तरुणांना काम मिळालें असा अर्थ कोणी काढूं नये. व्यापार भरभराटीस आला, तरुणांची संख्या घटली, त्यांची उमेदवारीची जुनी पद्धति कामास आली. कारणें अनेक आहेत. तथापि एकानें उठल्याशिवाय दुसऱ्याला बसतां येत नाहीं हा सिद्धांत या आंकड्यांपुढें टिकत नाहीं, एवढें खास.

या सिद्धांताला अर्थशास्त्रांत जुनें नांव आहे. डेव्हिड श्लॉस नांवाच्या इंग्रज गृहस्थांनीं १८९१ सालीं एका कामगाराची हकीकत लिहिली. तो यंत्रावर वॉशर तयार करीत असे आणि त्याला नगावर मजुरी मिळत असे. पण त्याच्या मनाला टोंचणी लागली होती, कीं आपण अधिक काम करतों म्हणजे दुसऱ्या कोणाचें तरी काम हिरावून घेतों. या समजुतीला श्लॉस यांनीं ‘कामाचा गोळा’ असें नांव दिलें. जगांतील काम म्हणजे जणूं परातींत मळून ठेविलेला कणकेचा गोळा. एकानें मोठी पोळी लाटली कीं दुसऱ्याच्या वांट्यास लहान यावयाचीच! परंतु काम असें मोजून मळलेलें नसतें. मिळवत्या माणसाचा पैसा बाजारांत जातो, त्यावर शिंपी, सुतार, दुकानदार, वैद्य आणि मास्तरहि जगतात. तो घरीं बसला तर त्यांचीहि पोळी लहान होते. ग्रूबर व वाइज या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनीं बारा देशांतील अभ्यास एकत्र करून २०१० सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. वृद्धांना लवकर निवृत्त केल्यानें तरुणांना काम मिळालें असा पुरावा त्यांना सांपडला नाहीं. बहुधा दोघांचा रोजगार बरोबरच वाढतो व बरोबरच घटतो, असें त्यांत दिसून आलें.

येथें आमचे तरुण वाचक म्हणतील, कीं म्हातारे मास्तर सोयीचे तेवढे दाखले काढून दाखवितात. म्हणून उलट बाजूचाहि एक दाखला देतों. डिसेंबर २०११ मध्यें इटलीनें निवृत्तीचें वय एकाएकीं पुढें ढकललें. ज्या कारखान्यांत जाण्याच्या बेतांत असलेले पुष्कळ लोक अडकून पडले, त्या कारखान्यांनीं पुढील काळांत तरुण कमी घेतले, असें तेथील अर्थशास्त्रज्ञांनीं हिशेब करून दाखविलें आहे. म्हणजे सबंध देशाच्या मानानें कामाचा गोळा ठराविक नसला, तरी एखाद्या कारखान्यांत, मंदीच्या दिवसांत, कांहीं वर्षांपुरता तो ठराविक असूं शकतो. चिरंजीवांचें बोलणें अगदींच निराधार आहे असें आम्ही म्हणत नाहीं, तें यामुळेंच.

आणि आपल्या समाजाला तर तें फारच खरें वाटतें, याचें कारण उघड आहे. आपलीं घरें तीन-चार पिढ्या ‘मंजूर पदां’वर जगलीं. कारकून, शिक्षक, पोस्ट, बँक, कचेरी. मंजूर पदाचा गुण असा, कीं तें मोजलेलें असतें. बसणारा उठेपर्यंत तें रिकामें होत नाहीं. ज्यानें दुकान घातलें, शेती वाढविली, कारखाना काढला, त्यानें एका कामांतून दहा कामें निघतांना पाहिलेलीं असतात. आम्हीं तीं पाहिलींच नाहींत. म्हणून सारें जग आम्हांस खुर्च्यांनीं मांडलेल्या दिवाणखान्यासारखें दिसतें. केरळांत सरकारनें २०१२ सालीं निवृत्तीचें वय ५५ चें ५६ केलें तेव्हां तरुणांच्या संघटना रस्त्यावर आल्या. ऑक्टोबर २०२२ मध्यें सरकारी मालकीच्या संस्थांत तें वय ६० करण्याचा हुकूम निघाला, तो तरुणांच्या विरोधामुळें थोड्याच दिवसांत थांबवावा लागला. मोजलेल्या जागांच्या राज्यांत असें होणें स्वाभाविक आहे.

परंतु मोजलेली जागा रिकामी झाली म्हणजे ती तरुणाला मिळते काय? महाराष्ट्रांतील शाळांपुरतें बोलावयाचें तर याचें उत्तर अनुभवानें कडू आहे. शिक्षक निवृत्त झाला कीं आधीं संच मान्यता पाहिली जाते. पटावर मुलें कमी असलीं तर पदच जातें. पद राहिलें तर दुसऱ्या शाळेंतील अतिरिक्त शिक्षकाचा हक्क पहिला. २ मे २०१२ च्या निर्णयानें तर नवी भरतीच थांबविण्यांत आली, आणि ‘पवित्र’ नांवाची संगणकावरील भरतीची व्यवस्था २०१७ सालीं निर्माण होऊन तिच्यांतून पहिल्या नेमणुका होईपर्यंत उमेदवारांचीं वयें उलटून गेलीं. शिवाय ज्याला जागा मिळते त्यालाहि ती तशीच मिळत नाहीं. २००० सालापासून नवा शिक्षक तीन वर्षें ‘शिक्षणसेवक’ असतो. त्याचें माध्यमिक शाळेंतील मासिक मानधन २०२३ सालीं वाढविलें तेव्हां कोठें अठरा हजार झालें.

आम्ही निवृत्त झालों तेव्हां आमच्या संस्कृताच्या तासांचें काय झालें, हें या संदर्भांत सांगण्याजोगें आहे. आठवीचे तास हिंदीच्या शिक्षकांकडे गेले, नववीचे मराठीच्या बाईंकडे. दहावीसाठीं संस्कृत घेऊन एम्. ए. झालेली एक मुलगी तासिका तत्त्वावर घेण्यांत आली. जितके तास तितके पैसे. दिवाळीची सुट्टी आणि मे महिना कोरडा. तिच्या हातीं आमच्या वेतनाचा दहावा हिस्साहि पडत नसे. आणि तिची आमची एकदांहि भेट झाली नाहीं. कोणत्या समासाचा विग्रह मुलें हटकून चुकतात, भाषांतरांत कोठें अडखळतात, कोणती कथा आधीं सांगितली म्हणजे कर्मणि प्रयोग सहज गळीं उतरतो, हें आमच्या टिपणवह्यांत होतें. त्या वह्या आमच्या कपाटांत आहेत.

यावरून भगिनींच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर निघतें. यजमानांनीं तो मसुदा फाडून टाकावा. दोन वर्षें आधीं उठल्यानें त्यांची जागा चिरंजीवांना मिळणार नाहीं. मिळाली तर कोणा तरी गुणानुक्रमांतील उमेदवाराला, आणि तीहि केव्हां तरी. इकडे घरांतील दोन वर्षांचें वेतन मात्र निश्चित जाईल, ज्याच्या आधारावर चिरंजीव आज पुस्तकें घेतात व परीक्षांचें शुल्क भरतात. चिरंजीवांचा राग रास्त आहे. तो बापावर काढण्यासारखा मात्र नाहीं. भरती ज्यांनीं अडविली, त्यांच्या दारीं तो नेला पाहिजे.

तरुणाच्या तोंडचा घांस ज्येष्ठ खरोखरच घेतात तें ठिकाण निराळें आहे. जुलै २०२३ मध्यें सरकारनें असा निर्णय काढला, कीं जिल्हा परिषदेच्या शाळांतील रिकाम्या पदांवर भरती होईपर्यंत निवृत्त शिक्षकांस, वयाच्या सत्तर वर्षांपर्यंत, मासिक वीस हजार मानधनावर नेमावें. पात्रता मिळवून बसलेल्या तरुणांनीं त्याला विरोध केला. मुलांच्या वर्गावर कोणी तरी असलें पाहिजे हें आम्हांस मान्य आहे. एका शिक्षकावर चार इयत्ता चालतात अशा शाळा आम्हीं पाहिल्या आहेत, आणि तेथें जाणाऱ्या निवृत्त बंधूंना आम्ही दोष देत नाहीं. पण ज्याच्या पाठीशीं निवृत्तिवेतन आहे तो वीस हजारांत आनंदानें काम करतो, आणि ज्याला संसार मांडावयाचा आहे त्याची किंमत त्यामुळें तेवढीच ठरते. ययातीनें पुरूचें तारुण्य उसनें घेतलें तें निदान मागून घेतलें होतें.

आतां अर्ध्या वेळेचा प्रश्न. तो आम्हांस टाकाऊ वाटत नाहीं. फ्रान्सनें २०१३ सालीं थोरला व धाकटा यांची सांगड घालणारा ‘पिढ्यांचा करार’ काढून पाहिला: लहान-मध्यम कारखान्यानें २६ वर्षांखालील तरुणाला कायम नोकरी द्यावी, ५७ वर्षांवरील माणसाला ठेवावें, आणि सरकारनें वर्षास चार हजार युरो द्यावे. पांच वर्षांत पांच लाख करारांची आशा होती. पहिल्या दोन-अडीच वर्षांत चाळीस हजारांच्या आसपास झाले आणि २०१७ मध्यें योजना गुंडाळली. हॉलंडांतील अनेक नगरपालिकांनीं मात्र साधा हिशेब बसविला आहे: ज्येष्ठानें ८० टक्के काम करावें, त्याला ९० टक्के वेतन मिळावें, निवृत्तिवेतन १०० टक्के वेतनावर धरावें, आणि वांचलेल्या पैशांतून तरुण घ्यावे. यांत माणूस घरीं जात नाहीं, बाजूला सरकतो. कालिदासाच्या रघूची आठवण व्हावी असें हें आहे. राज्य अजाच्या स्वाधीन करून रघु वनांत निघाला, तेव्हां अजानें पाय धरले. रघूनें मुलाचें मन मोडलें नाहीं, पण टाकलेलें राज्यहि परत घेतलें नाहीं. तो नगराबाहेर जाऊन राहिला. इतका जवळ कीं विचारतां यावें, इतका दूर कीं आड येऊं नये.

आपल्याकडे हें करावयाचें तर पहिली गांठ निवृत्तिवेतनाची. १ नोव्हेंबर २००५ पूर्वीं नेमलेल्या शिक्षकाला शेवटच्या वेतनाच्या निम्म्याइतकें निवृत्तिवेतन मिळतें. तेव्हां अखेरच्या वर्षांत वेतन कमी करून घेणारा माणूस जन्मभराचें नुकसान करून घेतो. तें पूर्ण वेतनावर धरण्याचें ठरविल्याशिवाय कोणी शहाणा हातहि वर करणार नाहीं. आणि तसें धरल्यानें सरकारला आजच्याहून एक पै अधिक पडत नाहीं. पुढें हिशेब असा. ५५ वर्षांच्या शिक्षकाचें मासिक वेतन ऐंशी हजार धरूं. पांच शिक्षकांनीं प्रत्येकीं एक पंचमांश तास सोडले म्हणजे एका माणसाचें पूर्ण काम मोकळें झालें. प्रत्येकाचे आठ हजार म्हणजे चाळीस हजार वांचले. अठरा हजारांचा शिक्षणसेवक त्यांत बसतोच, उलट त्याचें मानधन दुपटीहून अधिक करतां येतें. तीन वर्षांनीं त्याला पूर्ण वेतनश्रेणी लागेल तेव्हां हे चाळीस हजार पुरणार नाहींत; पण त्याच वेळीं ते पांचहि जण ५८ चे होऊन निवृत्त होतात, आणि एका माणसाऐवजीं पांच पदें मोकळीं असतात. तीं मोडावयाचीं नाहींत, एवढें आधीं लिहून घेतलें पाहिजे; जर्मनींत नेमकें हेंच सुटलें.

एका शाळेंत एकाच विषयाचे पांच ज्येष्ठ शिक्षक सांपडणार नाहींत, ही अडचण खरी आहे. तेव्हां शहरांतील चार-पांच शाळांचीं वेळापत्रकें एकत्र मांडावीं लागतील. मुख्याध्यापक कुरकुर करतील. पण वेळापत्रक लावण्याचें काम आम्हीं पुष्कळ वर्षें केलें आहे आणि हें बसतें. सोमवारपासून शुक्रवारपर्यंत तरुणानें रोज एका शाळेंत जावें व तेथील ज्येष्ठाचे त्या दिवसाचे तास घ्यावे. शनिवारच्या अर्ध्या शाळेला मात्र त्याला स्वतःचा तास देऊं नये. त्या दिवशीं त्यानें पाळीपाळीनें पांचांपैकीं एकाच्या वर्गांत मागच्या बाकावर बसावें, आणि महिन्यांतून एकदां त्या ज्येष्ठानें त्याच्या तासाला बसावें.